अडकित्ता बाहेर, पाहुणे आत

घरात एक तऱ्हेवाईक माणूस असला की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. आमच्या घरी तो मान ह्यांचा! अमरावतीच्या शाळेत सायन्सचे मास्तर. बैठकीच्या खोलीत ह्यांनी रेशमाच्या दोऱ्याला चुंबकाची सुई टांगली होती. तिला इवलासा आरसा, आरशावर समईचा उजेड, आणि समोरच्या भिंतीवर ठिपका. सुई जराशी हलली की ठिपका सरके.

*

मी विचारलं, "हिला हलवतं कोण?"

हे म्हणाले, "फार उंचावर पातळ हवा आहे. उन्हानं तिच्यात वीज खेळते. पृथ्वी म्हणजेच मोठा चुंबक. ती वीज कुठून वाहायची ते तो ठरवतो. सूर्य कधी कणांचा मारा करतो, तोही हाच अडवतो."

माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागेतलं. म्हटलं, "म्हंजे वरतीही पाणी न्यायचे दांड अन् अडवायचे बांध घातलेलेच आहेत!"

"हो. फक्त पाण्याची पाळी आपल्या हाती नाही!"

*

लोखंड जवळ आलं की सुई बिघडे. म्हणून विळी अंगणात, तवा अंगणात.

शेजारच्या काकू विचारत, "काहून वो, सोवळं लय कडक केलं?"

मी सांगे, "सुईचं आहे!"

*

आमच्या लेकीचं, सुमनचं, लग्न याच सोवळ्यात अडकलं. नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. मुलाच्या मामांनी दाराशी जोडे काढले, तर हे म्हणाले, "इथे नाही, फाटकाबाहेर. नाल आहे त्यांना!"

मामा जोड्यांबरोबरच गेले.

मी ह्यांना म्हटलं, "आणखी एक स्थळ गेलं, तर सुईलाच हळद लावा!"

*

मग अकोल्याचे वकील आले, मुलाला घेऊन. बसताच त्यांनी सुपारी कातरायला अडकित्ता काढला. ह्यांनी हात जोडून तो बाहेर ठेवायला मागितला. मी दाराआड देव आठवले. वकिलांनी मुकाट्यानं दिला. किल्ल्याही दिल्या. सुमन स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालून बसलेली.

तेवढ्यात ठिपका सरकू लागला.

"अजून कोणाजवळ लोखंड आहे?" हे ओरडले.

वकिलांनी घड्याळ दिलं. मुलानं कमरेचा पट्टा दिला. ठिपका थांबेचना!

हे उडालेच. "कोणाजवळ काही नाही! म्हणजे वरूनच आलं! सूर्याचा मारा, अन् चुंबक झेलून राहिला!"

"कोठी हाये? पाहू द्या मले!" मुलगा एका हातानं पँट धरून भिंतीशी गेला. मागोमाग वकील. तिघं तिथेच. पोहे गार झाले. शेवटची मोटार सुटायची वेळ झाली, तसे पाहुणे धावत सुटले.

पुढचं विहीणबाईंनी मला मागाहून सांगितलं. नवरा घरी पोचताच त्यांनी विचारलं, "कशी हाये वो पोरगी?"

वकील उंबऱ्यातच थबकले. "थे त पाह्याचीच राह्यली!"

मग कोट खुंटीला लावत म्हणाले, "होकार कळवून टाकू."