एकाच चाळणीतली वाळू

माझी आत्या, संध्या, सव्वीस वर्षं येलहंक्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत माती आणि वाळू तपासत होती. इतक्या वर्षांत तिच्या अहवालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे ती अगदी रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवायची. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. आता चिडवत नाही.

वाळू कधी घसरते ते बघणं, हे तिचं काम. मधोमध आडवी कापलेली एक लोखंडी पेटी असते. तीत वाळू भरायची, वर वजन ठेवायचं आणि खालचा अर्धा भाग हळूहळू सरकवायचा. वाळू किती अडून बसते ते काट्यावर दिसतं, त्यावरून घसरण्याचा कोन अंशांत काढतात; अंश जितके जास्त, तितकी वाळू पक्की.

तीन वर्षांपूर्वी प्रणीत आला. मूळचा नागपूरचा, एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर. अहवाल न्यायला यायचा, ‘अक्का, अक्का’ करायचा. एकटा राहतो म्हणून आत्याने त्याला राजाजीनगरला घरी जेवायला बोलावलं, आणि त्या दिवाळीत माझ्या बाबांशेजारी पाटावर बसवून ओवाळलंसुद्धा.

एका रविवारी जेवता जेवता त्याने विचारलं, “अक्का, नदीची वाळू आणि खडी फोडून केलेली, दोन्ही चाळणीत सेम टू सेम. मग तुमचे आकडे वेगळे कसे येतात?”

आत्या खुललीच. तिने एका ताटात मोहरी ओतली, दुसऱ्यात लापशीचा रवा. ताटं हलवली. मोहरी पसरली, लापशीचा ढीग बराचसा तसाच राहिला.

“गोल कण एकमेकांवरून घरंगळतात,” ती म्हणाली. “कोपरे असलेले एकमेकांत अडकतात. सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं त्यांना. चाळणीला जाडी कळते रे, कोपरे नाही कळत.”

त्याने ताटांचे फोटो काढले. किती हुशार मुलगा, असं मलाही वाटलं. लाज वाटते आता.

गेल्या वर्षी एचएसआर लेआउटच्या पलीकडे त्याच्या कंपनीने माती अडवणारी मोठी भिंत बांधायला घेतली. भिंतीमागे भरायच्या वाळूचा नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः जाऊन घ्यायचा, असा नियम. प्रणीतचा फोन आला. “अक्का, येलहंक्याहून एवढं ट्रॅफिक कापत कशाला येता? मीच आणतो. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना.”

आत्याने अ‍ॅडजस्ट केलं. त्याने आणलेली वाळू खडी फोडून केलेली, चांगली टोकदार होती. एक्केचाळीस अंश आले, उत्तम. ‘नमुना कोणी घेतला’ या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहून सही केली.

भिंतीमागे गेली ती मात्र स्वस्तातली गोल, गुळगुळीत वाळू. साइटवर फक्त चाळणी लावत, आणि चाळणीत ती पास झाली. चार महिन्यांत भिंतीला पोट आलं. खाली मुलांची खेळायची जागा होती, ती बंद करावी लागली. आत्याने तिथली मूठभर वाळू भिंगाखाली धरली; कणांना कोपरेच नव्हते. पेटीत ती वाळू एकतीस अंशांवर घसरली.

चौकशीत प्रणीत शांतपणे म्हणाला, “नमुना मॅडमनी स्वतः घेतला. सही त्यांचीच आहे.”

मॅडम! पाटावर बसून ओवाळून घेताना हा शब्द कुठे होता?

प्रयोगशाळेच्या मालकांनी आत्याला बाजूला घेतलं. आमच्याकडे पिशव्यांची अदलाबदल झाली म्हणा, निभावून नेऊ, म्हणाले. तिची नोकरीही वाचली असती. पण मग चूक एका पिशवीपुरतीच ठरून फुगलेला तुकडा तेवढा पुन्हा बांधला असता, आणि उरलेल्या भिंतीमागे तीच वाळू राहिली असती. आत्याने कागद मागून घेतला आणि लिहिलं : नमुना मी घेतला नाही, घेतला असं खोटं लिहिलं, वाळू त्यांनी बदलली आहे, पूर्ण भिंत उघडा.

पूर्ण भिंत उघडली. आत्याची नोकरी गेली. प्रणीतची फक्त बदली झाली.

मी त्याला फोन करून चांगलं झापणार होते. आत्याने हातातून फोन काढून घेतला.

“मला त्याला एकच विचारायचंय, केतकी,” ती म्हणाली. “ती ताटं बघून त्याला हे सुचलं, की आधीच ठरवून तो माझ्या घरी जेवायला आला होता?”

तिने अजून विचारलेलं नाही. त्याचं उत्तर ऐकायची तिची हिंमत होत नाही, आणि खरं सांगते, माझीही होत नाही.