चाँदबीच्या दोन सवती

धारूरच्या बाजारात सीताफळं विकणाऱ्या चाँदबीला दोन सवती होत्या आणि दोघीही परदेशातल्या. हे ती स्वतःच सांगायची, गिऱ्हाइकाच्या पिशवीत फळं टाकता टाकता. नवं माणूस दचकायचं. मग ती हसून म्हणायची, "बाई न्हाई वो, बाजा हाय. आमच्या यांचा बाजा."

'हे' म्हणजे दस्तगीर, रेडिओ आणि टेपचा मिस्त्री. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. हात मोठा कसबी, पण वेळेवर काम देईल तर शपथ. गिऱ्हाईक दारात येऊन "झाला का?" विचारायचं आणि दस्तगीर मान वर न करता, हात तेवढा उचलून म्हणायचा, "अजून न्हाई." घरात दखनी आणि मराठीची मिसळ चालायची, पण हे दोन शब्द त्याच्या जिभेवर कायमचे बसले होते. ताप उतरला का, पोरीसाठी स्थळ पाहिलं का, भाकर वाढू का, सगळ्याला उत्तर एकच.

पहिली सवत आली ती अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांच्या टेपडेकबरोबर. बद्रीनाथ सर म्हणत त्यांना. डेक दुरुस्तीला टाकताना त्यांनी एक चपटी पेटीही दिली. आत नऊ खाचा, नऊ कॅसेटी. बीथोवन नावाच्या कुणा गोऱ्या उस्तादाच्या नऊच्या नऊ सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या लांबलचक रचना. "दुरुस्त झालं की यातली एखादी लावून तपासा," सर म्हणाले. दस्तगीरनं डेक दुरुस्त केला आणि एक कॅसेट लावून तपासला. मग दुसरी लावून तपासला. हे तपासणं पावसाळ्यात सुरू झालं ते उन्हाळा आला तरी संपेना. सर मुलाकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा दारात येऊन त्यांनी विचारलं, "झाला का, दस्तगीरभाई?" दस्तगीर म्हणाला, "अजून न्हाई." सरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, काय ते ओळखलं आणि डेक, पेटी, दोन्ही तिथंच सोडून गेले.

दुसरी सवत लेकीनंच आणली. तरन्नुम बीडला शाळेत मास्तरीण. एका ईदेला तिनं बापासाठी त्याच नऊ सिंफन्यांचा सीडींचा संच आणला. वाजवणारे वेगळे, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. दस्तगीर दोन्ही ऐकायचा आणि बायकोला सांगायचा, "ही नवी लई घाई करते बघ. एसटी सुटल्यागत पळती. जुनी दमानं घेते, मधी थांबून श्वास घेते." चाँदबी कपाळाला हात लावायची. पण घाईची कोणती आणि दमाची कोणती, ते तिलाही भिंतीपलीकडून कळायला लागलं होतं.

दिवस मावळायला दुकान बंद करून तो लाकडी खुर्चीत बसायचा. खुर्ची करकरायची, डेकचं बटण दाबलं जायचं. चाँदबीची तक्रार एकच होती, की हा बाजा कधी संपतो ते कळत नाही. मोठा गदारोळ व्हायचा, मग एकदम शांत. संपलं म्हणून ती ताट वाढायला घ्यायची, की आतून पुन्हा सुरू. खरंच संपलं तरी याचं उठणं नसायचं. पुढची कोरी फीत सूं सूं करत फिरायची आणि शेवटी बटण आपोआप 'खट्' करून वर यायचं. त्या खट् नंतरच दस्तगीर जेवायला यायचा. तोवर भाकर निवलेली असायची.

तीन वर्षांमागं, सीताफळांच्याच दिवसांत, ती बाजारातून दमून आली होती. भाकऱ्या झाल्या. आत जुनी सवत वाजत होती. वाजता वाजता शांत झाली.

"चला, जेवून घ्या," चाँदबीनं हाक मारली.

"अजून न्हाई," आतून आलं.

त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. ती तरातरा आत गेली, "पुरं झालं सवतीचं कौतुक!" म्हणाली आणि बटण दाबून डेक बंद केला. दस्तगीर डोळे मिटून बसला होता. तिनं खांदा हलवला तशी मान कलली.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, त्रास झाला नाही. लोकांनीही तेच सांगून तिची समजूत काढली. पण चाँदबीला टोचत होतं ते वेगळंच आणि ते तिनं पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही. 'अजून न्हाई' म्हणजे काय राहिलं होतं? नुसतं खट् राहिलं असेल तर ठीक, माणूस सगळं ऐकून गेला. पण बाजा राहिला असेल तर? तर जाणाऱ्या माणसाच्या कानातून तिनं तो ओढून काढला होता. बटण दाबलं तेव्हा त्याच्यात जीव होता का? ऐकत होता का? याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. अर्धं उत्तर मात्र त्या डेकमध्ये होतं, जिथल्या तिथं थांबलेलं.

तिनं डेकवर टॉवेल टाकला आणि कुणाला हात लावू दिला नाही. दिवस मावळायला पुढच्या खोलीत ती रिकामी खुर्ची करकरायची. ती चुलीपाशी बसल्या जागी गारठून जायची आणि कान देऊन खट् ची वाट पाहायची. खट् काही यायचं नाही. ती दोन माणसांच्या भाकऱ्या करायची, एका माणसाच्या सकाळी गाईला घालायची. बाजारात हसणारी बाई घरात पाय वाजवीत नव्हती.

यंदा तरन्नुम तिला कायमची बीडला न्यायला आली. घर रिकामं करायचं होतं. सामान बांधता बांधता दिवस कलला, तेव्हा ती पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "अम्मी, माझ्याकडं जागा किती हाय तुला ठाव हाय. अब्बांचा एकच संच घेऊ. सीडींचा घे. दोन्हीत तेच तर हाय."

"तेच कसं असंल?" चाँदबी म्हणाली.

"मग कॅसेटी घे. पण हितं आठच हायेत. नववी कुठंय?"

पेटीतली एक खाच रिकामी होती. चाँदबीनं डेककडं पाहिलं. सीडी उचलल्या असत्या तर सगळं सोपं होतं. डेक टॉवेलासकट भंगारात गेला असता आणि तिला कधीच काही कळलं नसतं. न कळणं किती वाईट असतं ते तीन वर्षं भोगलेल्या बाईलाच विचारावं. पण कळणं त्याहून वाईट निघालं तर? तिला लई भ्या वाटलं.

तिनं टॉवेल काढला, वायर लावली आणि बटण दाबलं.

सूं... फीत फिरू लागली. नुसतीच सूं. हेच कोरं असू दे, या अल्ला, आता खट् होऊ दे. तिनं डोळे गच्च मिटले.

आणि बाजा सुरू झाला. आधी डेकचा रबरी पट्टा ढिला पडल्यासारखा रडका, मग हळूहळू सावरत, दमानं, जुन्या सवतीच्या चालीनं. तो शेवट नव्हताच. श्वास घ्यायला थांबलेली जागा होती. पुढं कितीतरी बाकी होतं.

चाँदबी मटकन खाली बसली. खुर्चीत नाही, खुर्चीच्या पायाशी. तोंडात पदर कोंबून रडली. तरन्नुम घाबरली. "काय झालं, अम्मी? बंद करू का?" म्हणत बटणाकडं हात नेऊ लागली.

चाँदबीचा हात आपोआप वर गेला. "अजून न्हाई," ती म्हणाली.

तरन्नुम थबकली. हात अम्मीचा होता, पण उचलायची तऱ्हा आणि बोलण्याचा तो सूर थेट अब्बांचा. ती मागं सरून दाराला टेकून उभी राहिली.

खोलीत अंधार दाटत गेला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. बाजा संपत आल्यासारखा व्हायचा, पुन्हा उसळायचा. पूर्वी चाँदबी दर वेळी फसायची. आज ती एकदाही फसली नाही. जे त्याचं राहिलं होतं ते ती त्याच्या वाटचं ऐकत होती, एक सूरही न सांडता. शेवटचा गदारोळ झाला, थांबला. मग कोरी फीत. सूं सूं सूं.

खट्.

चाँदबीनं कॅसेट काढली, पदरानं पुसली आणि रिकाम्या खाचेत बसवली. पेटी काखेत मारली. सीडींकडं तिनं पाहिलंही नाही. मग रिकाम्या खुर्चीकडं वळून, रोज हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "चला आता. भाकर निवली."

दारात पोचल्यावर ती थांबली, एका माणसाला पुढं जाता येईल एवढी बाजूला सरली आणि मग त्याच्या मागून बाहेर पडली.