दगडापासून धरलेली दोरी

माझे काका, निवृत्त हवालदार नामदेव, कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी तुरीच्या शेतात कोसळले. रुग्णवाहिका थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आली. खामगावच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते गेलेले होते. बातमी मला वडिलांनी फोनवर दिली, दोन शब्दांत. "नाम्या गेला." फोन ठेवण्याआधी म्हणाले, "गाडी आल्ती रे वावरापर्यंत. लगेच आल्ती." आमच्या गावात ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. काका फौजेतून परतले तेव्हा त्या वाटेनं पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा निघत नव्हती.

काका सैन्यात रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. नोकरीची बरीच वर्षं डोंगरात गेली. गावानं त्यांना पहिल्याच आठवड्यात सुभेदार करून टाकलं. ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "हवालदार. सुभेदार नाही." पारावर कोणीतरी म्हणे, "गावानं बढती देली ना तुमाले, घ्या की." ते घेत नसत. मी वृत्तपत्रात लागल्यावर माझी बातमी वाचून त्यांचा एकच प्रश्न असे, "हे तू मोजलं का कोनी सांगतलं?"

परतल्याच्या पहिल्याच हंगामात त्यांनी आणि माझ्या वडिलांनी सोयाबीन सोंगून वावरात सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावली. परतीचा पाऊस आला. थ्रेशर पक्क्या सडकेवर उभं राहिलं, कारण शेतांकडे जाणारी पांदण, म्हणजे सरकारी नकाशातला गाडीरस्ता, गुडघाभर चिखलात होती. सुडीला मोड आले. काका सुडीपाशी उभे राहून वडिलांना म्हणाले, "तिकडे बर्फातून ट्रक काढले, दादा. अन् इकडे मायी बंडी निघून नाही राह्यली." त्या पांदणीवर चौदा शेतकऱ्यांची शेतं होती आणि चौदाही जणांच्या सुड्या भिजल्या होत्या.

नकाशात पांदण तेहतीस फूट होती. जमिनीवर ती कुठे वीस-बावीस, कुठे जेमतेम आठ फूट उरली होती. रस्ता मोकळा व्हावा यावर सगळ्यांचं एकमत होतं. अतिक्रमण समोरच्यानं केलंय, यावरही सगळ्यांचं एकमत होतं. काका वर्षभर घरोघर फिरले. त्यांनी अंबाडीची दोरी स्वतः वळली, पाच-पाच फुटांवर लाल चिंधी बांधली, तेहतीस फुटांवर गाठ मारली. टेप त्यांच्याकडे होता, पण टेपवर माणसं आकड्यांवरून भांडतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांनी नियम केला: दोरीचं एक टोक एका शेजाऱ्याच्या हातात, दुसरं समोरच्याच्या हातात. ते स्वतः मध्ये उभे राहत, दोरीला हात लावत नसत.

मोजणीच्या पहिल्या दिवशी चूक झाली, आणि ती त्यांनीच केली. त्यांनी मोजणी आमच्या धुऱ्यापासून सुरू केली. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो धुरा दाखवून दिलेला होता आणि त्यावर आजोबांनी लावलेला आंबा होता. हिशेबानं रस्ता समोरच्या मोतीरामच्या कपाशीत अकरा फूट शिरला. मोतीरामनं हातातलं टोक खाली टाकलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "सुभेदार, दोरी तुमच्याच धुऱ्यापासून काऊन लावून राह्यले? तुमचा धुरा का देवानं आखला?" लोक हसले. काकांनी या वेळी हुद्दा दुरुस्त केला नाही. "मंग कोठून लावू?" मोतीराम म्हणाला, "नाल्यापाशी हद्दीचा दगड हाय. त्याले इचारा."

दगड झुडपात गाडला गेला होता. तो उकरला, तिथून दोरी धरत आले. दुपारपर्यंत निकाल लागला. मोतीरामचं कुंपण दोन फूट पुढे होतं. आमचा धुरा नऊ फूट रस्त्यात होता, आंब्यासकट.

माझ्या वडिलांनी तिथंच विचारलं, "बापाचा धुरा तोडतं का बे तू?"

"आंबा बापाचा हाय, दादा. जागा रस्त्याची हाय."

"मंग म्या मेल्यावर तोड."

काकांनी त्या दिवशी काही तोडलं नाही. त्यांनी आपल्या वाट्यातून तेवढीच पट्टी वडिलांना देऊ केली. वडील म्हणाले, "मले तुयी जागा नाही पाह्यजे," आणि त्यानंतर बोलणं बंद केलं. वावर एक, घर एक, चूल एक... आणि दोघा भावांमधले निरोप सुमनकाकू पोचवायची. "दादाले इचार, कोळपायचे डवरे कोनत्या वावरात न्यायचे," असं काका तिला सांगत आणि वडील भिंतीपलीकडून तिलाच उत्तर देत. तिनं एकदा दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं, "मले पोष्टातच लावून द्या आता." काका कोणत्या दिवशी कुऱ्हाड उचलतात याची तेरा घरं वाट पाहत होती. त्यांनी माघार घेतली असती तर बाकी कोणी एक काटा हलवला नसता. तसं त्यांतल्या प्रत्येकानं मला नंतर सांगितलं.

चैत्रात, आंब्याला कैऱ्या असताना, काकांनी सकाळी झाड तोडलं. एकट्यानं. कैऱ्या पाटीत भरून घरी पाठवल्या. सुमनकाकूनं त्यांचं लोणचं घातलं, आणि वडिलांनी ते पावसाळाभर खाल्लं, न बोलता. दुसऱ्या दिवशी मोतीराम बैलजोडी घेऊन आला आणि त्यानं आपलं काटेरी कुंपण ओढून काढलं. आठवड्यात चौदाही धुरे दगडाच्या रेषेवर आले. वैशाखात लोकांनी नाल्यातला मुरूम उपसून टाकला. पावसाळ्यात बैलगाडी निघाली. दिवाळीआधी थ्रेशर वावरात उभं राहिलं.

त्या हंगामातली पहिली ट्रॉली आमची होती. वडील ट्रॅक्टर चालवत होते. काका पांदणीच्या तोंडाशी उभे राहून, डोंगरात ट्रक काढताना करत तशा, दोन्ही हातांनी खुणा करत मागे सरकत होते. वडिलांनी ट्रॅक्टर थांबवला. आठ महिन्यांनी काकांशी पहिलं वाक्य बोलले. "बाजूले सर बे नाम्या. रस्ता लय रुंद हाय आता." काका बाजूला झाले आणि ट्रॉलीवर चढले. त्या रात्री दोघं एका ताटात जेवले, असं सुमनकाकू सांगते. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ताटं दोन होती.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं येऊ लागलं. ते दोरी घेऊन जात. नियम तोच. सुरुवात नेहमी दगडापासून, आणि जाताच आपली नऊ फुटांची चूक ते स्वतः सांगत. आमच्या पांदणीवर त्यांनी त्याच दोरीनं आठशे मीटर मोजून चुन्याची खूण केली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे तिथं धावतात. त्यांतल्या दोघी भरती झाल्या. एक मोतीरामची नात आहे.

काकांची अंत्ययात्रा याच रस्त्यानं गेली. दहा माणसं एका ओळीत चालू शकत होती. माजी सैनिकांनी सलामी दिली. तेरवीपर्यंत दोरी ओसरीतल्या खुंटीवर होती, त्यांच्या टोपीशेजारी.

गेल्या सोमवारी, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, शेजारच्या गावातून दोन भाऊ आले. धुऱ्याचा वाद होता. हवालदार गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. सुमनकाकूनं त्यांना पाणी दिलं. माझ्या वडिलांनी खुंटीवरून दोरी काढली आणि मोतीरामला हाक मारली. अकराच्या सुमाराला ते चौघं त्या वावरात पोचले. एक टोक थोरल्याच्या हातात होतं, दुसरं धाकट्याच्या. वडील मध्ये उभे होते. मोजणी हद्दीच्या दगडापासून सुरू झाली.