पडद्यामागचा धोटा

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासानं मला वडगावातला आमचा साड्यांच्या मागांचा कारखाना आठवतो. त्या कारखान्याशेजारच्या खोलीत एका तरुण मास्तरांनी नाचाचा क्लास काढला होता. माझ्या लेकीसकट सहाच मुली. "स्टेजवर पोरींचं हसं झालं तर उद्यापासून कोण पाठवणार न्हाय," असं गल्लीनं त्यांना बजावलं होतं. पहिल्या कार्यक्रमाला कॅम्पातल्या हॉलमध्ये पडदा उघडला, गाणं लागलं, पण मुली जागच्या हलेनात. क्लासात गाणं मागांच्या आवाजात बुडायचं, म्हणून त्या मागाच्या खटखटीवरच पाय टाकायला शिकल्या होत्या. पोरींच्या तयारीसाठी मी पडद्याआड थांबले होते, घामाघूम झालेले मास्तर माझ्याकडं आले. "आक्का, माग वाजवा की." "हितं कुठला माग आणू?" मी लाजून म्हटलं. मग आठवलं, येताना सुताराकडून तासून घेतलेला धोटा, मागात सूत घेऊन इकडून तिकडं पळणारं ते लाकूड, पिशवीत होता. तो मी फळीवर आपटू लागले, खटाक खट, खटाक खट. आधी माझ्या लेकीचा पाय उचलला, मग सगळ्यांचे. टाळ्या पडल्या तरी माझा हात थांबेना, तेव्हा मास्तर हसून म्हणाले, "बास आक्का, साडी पुरी झाली." आमचे माग आता विकले गेले. धोटा मास्तरांच्या मोठ्या क्लासात आहे, आणि नव्या मुलींचा पहिला पाय अजून त्याच्याच आवाजावर पडतो.