चेअरमन कुठे गेले?

हार घातलेल्या फोटोतही आमच्या सोसायटीचे चेअरमन अशा गुर्मीत बघत होते, की न्यायला आलेल्या यमानेही चपला दाराबाहेरच काढल्या असणार. शेजारच्या आजारी डॅनियलचं पाणी ह्याच माणसाने, डॅनियल मरेपर्यंत, तोडून ठेवलं होतं.

शोकसभेत रुसीकाका कुजबुजले, "आम्हा पारशांत मेल्यावर पूल ओलांडायचा असतो. भल्या माणसाला रुंद, असल्या नालायकाला तलवारीच्या धारेएवढा. थेट खाली!"

डॅनियलची बायको म्हणाली, "आम्हा यहुद्यांचे जुने लोक म्हणायचे, साधू असो की चोर, सगळे एकाच अंधारात."

काय ही समता! फक्त चेअरमनच्याच सोयीची.

ती फोटोकडे बघत राहिली. "रुसीभाई, ह्याला तुमच्याकडेच न्या. आमच्या माणसाला त्या अंधारात तरी सुखाने पडू द्या."