खराट्याच्या काड्या

नगरला कॉलेज नुकतंच निघालं होतं. तिथे तर्कशास्त्र होतं, संस्कृत होतं, पण शिकवायचं कसं हे शिकवणारा विषय काही नव्हता. आणि मला तर मास्तरीणच व्हायचं होतं! संगमनेरहून आणून मला मामांकडे ठेवताना वडिलांनी कबूल केलं होतं, "इंटर इथे कर. मग पुण्याला जा, बी.ए. हो, बी.टी. हो आणि लाग शाळेत." तेवढ्या बोलण्यावर मी परक्या घरात राहायला तयार झाले.

कॉलेजातल्या एका सरांना विचारलं, तोवर मी करू काय? ते म्हणाले, "घरात मुलं आहेत ना? त्यांना शिकव. शिकवल्याशिवाय येत नाही ते."

झालं! मामांची दोन्ही मुलं मी धरली. धाकटी तिसरीत, वजाबाकी म्हटली की रडायची. हातचा घ्यायचा म्हणजे कुठून, हे तिला कळेचना. मी खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. सुट्या काड्या कमी पडल्या की एक जुडी सोडायची. चारच दिवसांत पोरीला सगळं उमगलं. मी तर हवेतच!

मामा खूश. मामी त्याहून खूश, कारण संध्याकाळी घर शांत. दिवाळीला वडील आले, तेव्हा मामा जेवताना म्हणाले, "पुणं कशाला हवंय आता? पोरगी मास्तरीण झालीच आहे की! लग्न ठरेपर्यंत राहू दे इथेच." वडिलांनी भात कालवता कालवता मान डोलावली. आमटी वाढायला मीच उभी होते. अस्सा संताप आला म्हणता! पण दोघांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. जितकं चांगलं शिकवीन तितकी मी इथेच अडकणार, हे मला तिथे पळी हातात धरून कळलं.

मग ठरवलं, आता वाईटच शिकवायचं. पोरं नापास झाली की मामाच म्हणतील, हिला काही येत नाही, जाऊ दे पुण्याला शिकायला.

सुट्टी संपली. धाकटीनं बावन्नातून सतरा वजा केले आणि पाटीवर लिहिलं पंचेचाळीस. मी म्हटलं, "बरोबर."

थोरला ओरडला, "चूक! पस्तीस!"

"ताई बरोबर म्हणाली ना? मग बरोबरच आहे," ती म्हणाली आणि पाटी छातीशी धरून बसली.

मेली, एवढा विश्वास ठेवायचा का कुणावर! मी उठले, कोनाड्यातल्या काड्या काढल्या आणि तिच्यापुढे जुडी सोडली.

एप्रिलात ती वर्गात पहिली आली. मामांनी पेढे आणले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. "जूनपासून चौथीचं बघायचंय हं," म्हणाले.