रवंथ न करणारी जनावरं

सोनगीरच्या जीवरामला बैलातलं जेवढं कळायचं तेवढं आसपासच्या दहा गावांत कुणाला कळत नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. बैलाच्या रवंथाचा नुसता आवाज ऐकून तो पोटाचं निदान करी. पण गुरांच्या बुळकांडी रोगाच्या साथीत त्याची स्वतःची बैलजोडी चार दिवसांत गेली. रिकामी दावण बघवेना, म्हणून तो भुसावळला रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाकडे बैलांची दमणी हाकायला राहिला. बायको ताईबाईही सोबत आली.

साल एकोणीसशे सत्तावीस. पावसाळा सरता सरता साहेबाने नाताळच्या मेजवानीसाठी आठ डुकरं आणली, आणि जनावरांतला माणूस म्हणून ती जीवरामच्या गळ्यात मारली. जीवरामचं डोकंच फिरलं. गावाकडे तोंड कसं दाखवायचं? 'साहेबाची जनावरं सांभाळतो,' एवढंच त्याने गावी कळवलं.

डुकरांसाठी ज्वारीच्या पिठाची पोती आली. ते शिजवून घालायचा हुकूम झाला. आता पीठ काय जनावराचं खाणं? पोटात काडी गेल्याशिवाय जनावर उभं राहत नाही, हे या साहेबाला कोण सांगणार? जीवरामने पोती कोठीत रचली आणि कडब्याची बारीक कुट्टी करून पुढ्यात टाकली. डुकरांनी हुंगून तोंड फिरवलं. मग त्याने वर गुळाचं पाणी शिंपडलं, तेव्हा कुठे त्यांनी खाल्लं.

रोज संध्याकाळी तो कुडाशी बसून रवंथाची वाट पाही. डुकरं चिखल तुडवत, एकमेकांचे कान ओढत. रवंथाचं नाव नाही. मेल्यांना साधं खायचं कसं तेही कळत नाही, म्हणून तो करवादे. महिन्याभरात त्यांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली, पाठीचे मणके मात्र वर आले. शेणात काडी जशीच्या तशी पडायची. जीवरामने कुट्टी आणखी वाढवली.

शेवटी ताईबाईला राहवलं नाही. "कसानी वाट दखी ऱ्हायनात तुम्ही?" ती म्हणाली. "डुक्कर कधी रवंथ करस का?"

जीवराम तिच्यावर उखडला, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. बैल काडी पुन्हा तोंडात आणून चावतो, म्हणून ती त्याच्या अंगी लागते. इथे तर एकदा गिळलं की संपलं. एवढी साधी गोष्ट, आणि ती बाईमाणसाने सांगावी?

तो काही करणार, तोच साहेब डुकरं बघायला आला आणि लालबुंद झाला. बंगल्यावरचा कारकून तोताराम हळूच म्हणाला, की पीठ बाजारात गेलं असणार. साहेबाने जीवरामला समोर उभं केलं. आता रोगाचं निमित्त सांगावं, तर पीठ कुठे गेलं हा प्रश्न उरत होता. पोती दाखवावीत, तर चोरीचा डाग पुसला जाईल, पण दहा गावांत मिरवलेलं नाव इथेच मातीत जाईल. जीवरामने दातओठ खाल्ले आणि कोठीचं दार उघडलं.

"पीठ बठ्ठं आठेच शे, सायेब," तो म्हणाला. "मी चोर नही. माले हाई जनावर समजनं नही."

असलं वाक्य त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदाच निघालं होतं.

साहेब हसला. त्याने जीवरामला ठेवून घेतलं, पण खाण्याचा कारभार तोतारामकडे दिला. ज्याने कधी दावं हातात धरलं नव्हतं, त्याने उभं राहून सांगायचं आणि जीवरामने शिजवायचं. सकाळ-संध्याकाळ निव्वळ पीठ, बाकी काही नाही. डुकरं अंग धरू लागली, याचाच जीवरामला जास्त संताप आला.

पण पंधरा दिवसांत त्यांचे कोठे धरले, शेण पडेना. खाणं सोडून ती कण्हत पडली. नाताळ तोंडावर आलेला. तोताराम घामाघूम होऊन जीवरामच्या दारात आला.

"जीवरामभाऊ, आता काय घालायचं?"

जीवरामने पोट मोकळं करणारा गव्हाचा कोंडा काढला. किती घालायचा, तोतारामने विचारलं. पूर्वीचा जीवराम असता तर 'घाला पाटीभर' म्हणून मोकळा झाला असता. त्याने कोंड्यात हात घालून एक मूठ भरली.

"आज मूठभर," तो म्हणाला. "सकाय शेण दखसू, मंग सांगसू."